शिकाऊ पायलट आणि लँडिंगचे अपघात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेनिंगचं विमान रनवेवरून घसरलं, नोज व्हील मोडलं अशी बातमी आली की सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) करणाऱ्या मुलांचे आईबाबा आणि सोलोच्या, म्हणजे एकट्याने उडवायच्या, जवळ आलेले स्टुडंट, दोघेही फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. डोक्यात मुख्यतः सेस्ना १५२ आणि १७२ आहेत, कारण बरीच पोरं त्यावर किंवा त्याच्या भावंडांवर शिकतात. इथले आकडे समजून घेण्यापुरते आहेत, उडवताना तुमच्या विमानाचं पीओएच (कंपनीचं पायलटसाठीचं पुस्तक) आणि तुमचा इन्स्ट्रक्टर सांगेल तेच.

एवढे अपघात लँडिंगलाच का होतात?

कारण चूक सावरायला जागा आणि वेळ दोन्ही संपलेले असतात. तीन हजार फुटांवर स्पीड दहा नॉट चुकला तर इन्स्ट्रक्टर नुसतं "स्पीड" म्हणतो आणि विषय संपतो, तोच दहा नॉटचा फरक रनवेच्या दहा फूट वर असताना भारी पडतो. शिवाय लँडिंगमध्ये सगळं एकदम करायचं असतं, स्पीड, सेंटरलाइन, उंची, वारा, रडर (शेपटीवरची पायाने चालवायची उभी फळी), पॉवर, आणि वर रेडिओवर कोणीतरी बोलत असतं.

पण माझं मत विचाराल तर लँडिंग लँडिंगला बिघडतच नाही, ते आधी दीड मिनिट बिघडलेलं असतं. उतरायच्या आधी रनवेला समांतर जातो ती डाउनविंड, मग काटकोनात वळतो ती बेस, आणि रनवेच्या रेषेत आलो की फायनल. डाउनविंडला उंची जास्त, बेसला लवकर वळले, फायनलवर आले ते उंच आणि फास्ट, मग पॉवर आयडल, नोज खाली, स्पीड ७५, आणि हे सगळं घेऊन रनवेवर पोचायचं आणि म्हणायचं की "सर फ्लेअर (टेकायच्या आधी नोज हळूहळू उचलणं) जमत नाहीये". फ्लेअर जमणार कसा?

यात जीव जातात का? मुलगी शिकतेय, झोप लागत नाही.

काकू, खरं सांगायचं तर टचडाउनच्या वेळचे बहुतेक अपघात विमानाचं नुकसान करतात, माणसाचं नाही. स्टुडंट एकटा उडवताना जे अपघात होतात त्यात लँडिंगचा वाटा मोठा असतो, पण जीव जाण्याचं प्रमाण त्यात कमीच, कारण स्पीड पन्नास नॉटच्या आसपास म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या आतबाहेर असतो, विमान सपाट असतं आणि पट्टे बांधलेले असतात. नोज व्हील मोडतं, प्रोपेलर वाकतो, पोरगी दार उघडून चालत बाहेर येते.

खरी भीती असते ती टेकण्याच्या आधीची, म्हणजे बेसवरून फायनलवर वळताना होणारा स्टॉल (पंखाची उचल एकदम संपणं) आणि गडबडीत केलेला गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर जाणं). त्यावर खाली लिहिलंय. खांद्याचा पट्टा नीट लावते का, एवढं मात्र तिला जरूर विचारा.

बाउन्स झाला की नक्की काय होतं? एका बाउन्सने नोज व्हील कसं तुटतं?

एका बाउन्सने सहसा तुटत नाही, तुटतं ते दुसऱ्या-तिसऱ्याला. होतं असं की विमान जरा जास्त स्पीडने किंवा सपाट टेकतं आणि परत वर उडतं, तीन-चार फूट. स्टुडंटला समोर आकाश दिसतं, तो घाबरून योक (विमानाचं हातातलं स्टिअरिंग) पुढे ढकलतो. विमान नोज खाली करून येतं आणि या वेळी मेन व्हीलऐवजी नोज व्हील आधी आपटतं, त्याने नोज जोरात वर फेकलं जातं, परत योक पुढे, परत आपटलं. याला पोर्पॉइझिंग म्हणतात. दर उडीला तो जोरात होत जातो कारण स्टुडंटचा हात विमानाच्या अर्धा सेकंद मागे असतो, विमान खाली यायला लागलेलं असतं तेव्हा हा "खाली" सांगत असतो.

मेन गिअर धक्का खायलाच बनवलंय, सेस्नाचे ते मागचे पाय स्प्रिंगसारखे वाकतात. नोज गिअर तसं नाही, ते फक्त पुढचं थोडं वजन धरायला आणि टॅक्सी करताना वळायला. तिथे मार बसला की तो मागे फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत) जातो, आणि १७२ मध्ये फायरवॉलवर सुरकुती पडलेली असणं हे हार्ड लँडिंगनंतर इंजिनिअर सगळ्यात आधी बघतो. काऊलिंग (इंजिनवरचं झाकण) उघडून टॉर्च मारून बघतो, बाहेरून विमान अगदी ठीक दिसत असतं. म्हणून जोरात आपटलं तर गुपचूप पार्क करून चावी देऊन निघून जायचं नाही, सांगायचं. तुमच्यानंतर त्याच विमानात दुसरा कोणीतरी बसणार असतो.

मग बाउन्स झाल्यावर करायचं काय?

छोटा असेल, फूटभर, तर योक आहे तिथे धरा, लँडिंगचा ॲटिट्यूड (नोजचा कोन) सोडू नका, लागली तर थोडी पॉवर, विमान स्वतः बसतं. मोठा असेल, किंवा छोटा की मोठा हेच कळत नसेल, तर फुल पॉवर आणि गो-अराउंड. दुसरा बाउन्स झाला तर विचार करायचाच नाही. योक पुढे ढकलून विमान रनवेवर "बसवायचं" हा पर्याय यादीतच नाही.

फ्लेअर कधी सुरू करायचा हे कळतच नाही, कोणी दहा फूट सांगतं, कोणी वीस.

फूट मोजता येत नाहीत, कोणालाच येत नाहीत, मलाही येत नाहीत. जे चुकतंय ते बहुतेक वेळा डोळ्यांचं असतं. स्टुडंट नोजच्या समोरच्या डांबराकडे बघत बसतो, मग जमीन एकदम अंगावर आल्यासारखी वाटते आणि तो योक खेचतो, विमान वर फुगतं, तिथे स्पीड संपतो आणि धाडकन खाली. हायवेवर गाडी पळवताना आपण बॉनेटसमोर बघत नाही, लांब बघतो, तसं राउंड-आउट, म्हणजे फ्लेअरची सुरुवात, झाली की नजर रनवेच्या दुसऱ्या टोकाकडे न्या. तिथे बघितलं की डोळ्याच्या कोपऱ्यातून रनवेच्या दोन्ही कडा वर येताना, पसरताना दिसतात, उंची त्यावरून कळते.

अजून एक गोष्ट जी फार कमी जण सांगतात, रनवेची रुंदी. रोज अरुंद रनवेवर उतरणारा स्टुडंट क्रॉसकंट्रीत मोठ्या एअरपोर्टवर गेला, जिथे एअरबस उतरते, की त्याला आपण खूप खाली आलोय असं वाटतं आणि तो वरच फ्लेअर करतो, मग तिथून पडतो. उलटं केलं की उलटं, अरुंद रनवेवर आपण उंच आहोत असं वाटून लोक खाली खाली येतात. पहिल्यांदा नव्या ठिकाणी जाताना हे आधीच डोक्यात असू द्या.

स्पीड पाच-सात नॉट जास्त ठेवला तर सेफ नाही का?

सगळ्यांना असंच वाटतं. १५२ चं पीओएच फ्लॅप्स (पंखाच्या मागच्या कडेच्या झुकणाऱ्या पट्ट्या) खाली असताना ॲप्रोचला, म्हणजे उतरायला येताना, ५५ ते ६५ नॉट सांगतं. तुम्ही ६० ऐवजी ६६ ने आलात तर स्पीड दहा टक्के वाढला, पण ऊर्जा वर्गाने वाढते म्हणजे एकवीस टक्के, आणि ती जमिनीवर कुठेतरी संपवावी लागते. रनवेच्या वर, दोन्ही पंख मिळून जेवढी लांबी तेवढ्या उंचीच्या आत आलं की ग्राउंड इफेक्टमुळे ड्रॅग (हवेचा रोध) कमी होतो, विमान तरंगत राहतं, रनवे मागे पळत असतो, आणि मग स्टुडंट कंटाळून किंवा घाबरून त्याला जबरदस्तीने टेकवतो, तेही नोज व्हीलवर. नोज व्हील जमिनीवर आणि मागची चाकं हलकी अशा अवस्थेत विमान कुठेही वळतं. रनवेवरून गवतात गेलेली जी विमानं बघता त्यातली बरीच अशी गेलेली असतात.

गो-अराउंड मारला तर इन्स्ट्रक्टरला वाटेल की मला येत नाही.

हाच तो प्रश्न ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. आपल्याकडे पोरांवर प्रेशर असतं, घरून लोन काढलेलं, तासाचा रेट डोक्यात, बॅचमधल्या तिघांचे सोलो झालेले, व्हॉट्सॲपवर त्यांचे सोलोनंतर पाण्याने भिजवतानाचे फोटो. अशा वेळी ॲप्रोच वाईट दिसत असूनही "बघू, बसेल" म्हणून चालू ठेवला जातो. आणि बऱ्याच वेळा बसतंही, तेच वाईट, कारण पुढच्या वेळी हिंमत वाढते.

कोणताही बरा इन्स्ट्रक्टर गो-अराउंड केलेल्या स्टुडंटला मनातल्या मनात एक मार्क जास्त देतो. उलट सोलोला सोडायच्या आधी मी तेच बघतो, लँडिंग किती मऊ झालं ते नाही. वाकडातिकडा ॲप्रोच मुद्दाम करून देतो आणि बघतो पोरगा स्वतःहून थ्रॉटल पुढे करतो की माझ्या तोंडाकडे बघतो. तोंडाकडे बघणाऱ्याला अजून थोडे दिवस थांबावं लागतं. आणि एखाद्या ठिकाणी गो-अराउंडवरून खरंच टोमणे मारले जात असतील तर प्रॉब्लेम तुमचा नाही, त्या ठिकाणाचा आहे.

स्वतःसाठी एक गेट ठरवून घ्या. तीनशे फुटांवर स्पीड बरोबर, सेंटरलाइनवर, फ्लॅप्स सेट, ट्रिम केलेलं (योकवर जोर न लावता स्पीड धरेल असं), यातलं एक जरी नसेल तर वर. आणि रनवेचा पहिला एक-तृतीयांश भाग संपेपर्यंत टेकलं नाही तर वर. हे आकडे तुमच्या स्कूलचे वेगळे असतील, असू दे, पण आधी ठरलेले पाहिजेत, तिथे जाऊन ठरवायचं नाही.

पण गो-अराउंडमध्ये पण अपघात होतात ना?

होतात, आणि ते जास्त वाईट असतात. फुल पॉवर दिली की विमान नोज वर करतं, कारण लँडिंगसाठी ट्रिम केलेलं असतं, आणि डावीकडे ओढतं. उजवा रडर नाही दिला, नोज दाबून नाही धरलं, तर स्पीड घसरत जातो आणि पन्नास फुटांवर स्टॉल. दुसरी चूक म्हणजे घाईत सगळे फ्लॅप्स एकदम वर. १५२ ला क्रम असा आहे, थ्रॉटल पूर्ण, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला दिलेली गरम हवा) बंद, फ्लॅप्स २० डिग्रीवर, स्पीड ५५, मग अडथळे पार झाले की बाकीचे फ्लॅप्स हळूहळू. रेडिओ सगळ्यात शेवटी. बोलायला उशीर झाला म्हणून कोणी पडत नाही.

इंग्लंडमधल्या साउथेंडची एक केस आहे, जुलै २००६. सोळा वर्षांचा मुलगा, दुसरीच सोलो, सेस्ना १५०. फायनलवर असताना मागून एक फास्ट विमान येत होतं म्हणून कंट्रोलरने त्याला ॲप्रोच सोडायला सांगितलं, पण नेहमीचा सरळ गो-अराउंड नाही, तर कमी उंचीवर वळून बाजूला जायला. ते त्याने कधी केलेलंच नव्हतं. वळताना स्टॉल झालं आणि मुलगा गेला. नंतर तिथे सोलो स्टुडंटने कॉलसाइनच्या आधी "स्टुडंट" म्हणायची पद्धत आली, म्हणजे कंट्रोलरला कळावं की समोर कोण आहे. आपल्या पोरांनी यातून एकच उचलावं, जे शिकवलेलं नाही ते रेडिओवर सांगितलं तर "अनेबल" (जमणार नाही) म्हणायचा हक्क सोलो स्टुडंटलाही आहे. वाईट वाटून घेऊ नका, म्हणा.

बेस-टू-फायनल स्टॉल म्हणजे काय?

बेसवरून वळायला उशीर झाला, फायनलची रेघ पार करून पुढे गेलात, मग परत आणायला जास्त बँक (विमान एका बाजूला तिरकं करणं). बँक जास्त वाटतो म्हणून काही जण बँक तसाच ठेवून रडरने नोज ओढतात, नोज खाली जातं, मग योक मागे. इथे स्टॉल झाला तर सरळ स्पिन (गरगर फिरत खाली), आणि उंची असते चारशे-पाचशे फूट, बाहेर काढायला पुरत नाही. सरळ उडताना ४० नॉटला स्टॉल होणारं विमान, उंची धरून ६० डिग्री बँक केला तर ५७ ला होतं. ३० डिग्रीला फरक जेमतेम सात टक्के. म्हणून सर्किटमध्ये (रनवेभोवतीच्या फेरीत) ३० च्या पुढे जायचं नाही, रेघ चुकली तर चुकली, वर जा आणि परत या.

पहिल्या सोलोला विमान वेगळं का वाटतं?

कारण ते वेगळं असतं. १५२ चं जास्तीत जास्त वजन ७५७ किलो, त्यातून सत्तर-ऐंशी किलोचा इन्स्ट्रक्टर उतरला म्हणजे साधारण दहा टक्के वजन गेलं. टेकऑफला ते लवकर सुटतं, चढतं भराभर, डाउनविंडला पोचेपर्यंत तुम्ही ठरलेल्या उंचीच्या वर असता, आणि त्याच ॲप्रोच स्पीडने आलात तर जास्त तरंगतं. कॉकपिटमध्ये एकदम शांतताही असते, ती वेगळीच.

क्रॉसविंड (बाजूने येणारा वारा) किती चालतो?

१५२ चा दाखवलेला क्रॉसविंड १२ नॉट, १७२ चा १५. ही विमानाची लिमिट नाही, कंपनीच्या पायलटने टेस्टमध्ये तेवढ्यात उतरवून दाखवलंय एवढंच. सोलो स्टुडंटसाठी प्रत्येक स्कूलची लिमिट याच्या बरीच खाली असते आणि ती असावीच. हिशोब सोपा आहे, वारा रनवेला ३० डिग्रीत असेल तर निम्मा धरा, ४५ ला सत्तर टक्के, ६० च्या पुढे जवळपास पूर्ण.

टेकल्यावर काम संपलं असं समजणं ही इथली नेहमीची चूक. एलरॉन (पंखांच्या टोकाकडच्या हलत्या फळ्या) वाऱ्याकडे पूर्ण वळवत न्यायचे, जसजसा स्पीड कमी होतो तसतसे जास्त, आणि टॅक्सी स्पीड येईपर्यंत पाय रडरवर जिवंत ठेवायचे. टेकलं की हुश्श करून पाय सैल सोडणारे गवतात जातात.

उन्हाळा आणि पावसाळ्याचा काय फरक?

गोंदियाचा बिरसी एअरपोर्ट समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर, आणि मे महिन्यात पारा ४४. हिशोब केला तर विमानाला ती हवा जवळजवळ ४,७०० फुटांवरच्या हवेसारखी लागते. एअरस्पीड इंडिकेटर तेच ६० दाखवतो पण जमिनीवरचा खरा वेग सातेक टक्के जास्त, लँडिंग लांबतं, आणि मुख्य म्हणजे गो-अराउंडला विमान रडतखडत चढतं. दुपारी थर्मलने (तापून वर चढणाऱ्या हवेने) उचलतं, मग टाकतं. म्हणून पहाटेचे स्लॉट मिळवायला पोरं भांडतात ते उगीच नाही.

पावसाळ्यात ओला रनवे. चाकात २८ पीएसआय हवा असेल तर साधारण ४८ नॉटच्या वर, साचलेल्या पाण्यावर चाक तरंगू शकतं, म्हणजे बरोब्बर टचडाउनच्या वेगाला. ब्रेक दाबून काही होत नाही, आधी स्पीड एरोडायनॅमिक ब्रेकिंगने (हवेच्या रोधाने) जाऊ द्या, योक मागे धरून.

टेलव्हीलवर (शेपटीखाली छोटं चाक असलेल्या विमानावर) शिकणं जास्त धोक्याचं होतं का?

जुन्या लोकांना विचारा, ज्यांनी फ्लाइंग क्लबात एचएएलच्या पुष्पक विमानावर तास काढले. त्यात वजन मेन व्हीलच्या मागे असल्यामुळे शेपूट पुढे यायला बघते आणि लक्ष गेलं की ग्राउंड लूप (जमिनीवरच गर्रकन फिरणं). पाय तयार व्हायचे मात्र. आजच्या पोरांचे पाय झोपलेले असतात असं ते म्हणतात, आणि मला ते पटतं.

बारामतीला जे झाले ते लँडिंगचेच अपघात होते का?

सगळे एका पिशवीत घालू नका. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात सेस्ना १५२ पडलं, सोलोवर असलेली ट्रेनी जखमी झाली पण वाचली, ते रनवेपासून लांब, शेतात उतरावं लागण्याचं प्रकरण होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये १९ आणि २२ तारखेला बारामतीजवळच एकाच संस्थेची दोन विमानं पडली, डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) मग त्या संस्थेचं ट्रेनिंग काही काळ थांबवलं. बातमीत सगळ्यांना मथळा एकच असतो, म्हणून ॲडमिशन घेताना बातम्या मोजण्यापेक्षा तिथे जाऊन मेंटेनन्स हँगर बघा, एका इन्स्ट्रक्टरमागे किती स्टुडंट ते विचारा, आणि सध्याच्या पोरांना चहाच्या टपरीवर गाठा. ऑफिसात जे कळत नाही ते तिथे कळतं.

इन्स्ट्रक्टर शेजारी असताना अपघात कसा होतो?

तो उशिरा हात घालतो म्हणून. स्टुडंटला स्वतः सुधारू द्यायचं असतं, त्यामुळे इन्स्ट्रक्टर शेवटपर्यंत थांबतो, आणि कधीकधी ते "शेवट" निघून गेलेलं असतं. दुसरं म्हणजे स्टुडंट योक घट्ट आवळून धरतो. "माय कंट्रोल" ऐकलं की हात सोडून मांडीवर, तोंडाने "युवर कंट्रोल". हे ब्रीफिंगमध्ये रोज म्हणा, कंटाळा आला तरी.

अपघात झालाच तर लगेच काय करायचं? लायसन्स जातं का?

मिक्स्चर बंद, फ्युएल बंद, मॅग्नेटो आणि मास्टर ऑफ, बाहेर पडा, लांब जा, वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला. प्रोपेलर थांबलेला असला तरी त्याच्या समोरून नाही. फोन नंतर. प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर इंजिन सुरू करून हँगरपर्यंत आणायचा शहाणपणा करू नका, क्रँकशाफ्टला आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही, इंजिनची तपासणी करावीच लागते.

नंतर ब्रेथ अनालायझर होतो, कळवाकळवी होते, विमान परवानगीशिवाय हलवायचं नसतं. चौकशी सरकारच्या विमान अपघात चौकशीच्या नियमांखाली होते आणि त्यात स्वच्छ लिहिलंय की हेतू पुन्हा अपघात होऊ नये हा आहे, दोष ठरवणं नाही. त्यामुळे जबाब देताना जे झालं तेच सांगा, सिनिअरने शिकवलेलं नको. चांगल्या पायलटांच्या लॉगबुकातही एखादं मोडलेलं नोज व्हील सापडतं, पण खोटा जबाब पकडला गेला तर मात्र पुढची वाट अवघड होते. पैशाचं म्हणाल तर इन्शुरन्सची एक्सेस रक्कम (विमा कंपनी देत नाही तो हिस्सा) कोण भरणार हे ॲडमिशनच्या कागदात असतं, सही करायच्या आधी वाचा.

हवेत असतानाच काहीतरी तुटलं तर एकट्या स्टुडंटला जमेल का?

जमलेलं आहे. सप्टेंबर २०१८, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं बेव्हर्ली, सतरा वर्षांची मुलगी सोलोला निघाली आणि टेकऑफलाच पायपर विमानाचं उजवं चाक निखळून पडलं. तिला माहीतही नव्हतं, दुसऱ्या पायलटने बघून सांगितलं. तिचा इन्स्ट्रक्टर रेडिओवर आला, शांतपणे बोलत राहिला, तिने विमान रनवेवर टेकवलं, ते घसरून गवतात गेलं, तिला काही झालं नाही. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जंडाकोटला इन्स्ट्रक्टरच बेशुद्ध पडला आणि नुकत्याच शिकायला लागलेल्या माणसाने टॉवरच्या मदतीने १५२ उतरवलं. दोन्हींत घाई कोणीच केली नाही, टाकीत पुरेसं इंधन होतं म्हणून घिरट्या घालून तयारी केली. त्यामुळे लोकल सोलो का असेना, "दोनच सर्किट तर मारायचीत" म्हणून कमी इंधनावर निघू नका, आणि डिपस्टिक स्वतः घालून बघा, गेजवर जाऊ नका.